शेजार वाघाचा

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. किनारपट्टीवरील माझ्या जुन्या धर्मग्रामातले हे सद्‌गृहस्थ. आयुष्यभर विद्यादान केले, मुले मार्गी लावली आणि उतारवयात निवांतपणा हवा म्हणून प्रवरेच्या खोऱ्यात, आमच्या गावापासून कोसभर वर, डोंगराच्या सोंडेवर टुमदार घर बांधून ते पत्नीसह राहावयास आले. इकडे सारे त्यांना ‘सर’ म्हणतात. सरांच्या हातात एक अर्ज होता. विषय : परिसरात बिबट्याचा वावर वाढल्याने त्यास पकडण्यासाठी पिंजरा लावण्याबाबत. खाली सतरा-अठरा सह्या आणि चार अंगठे. सर्वांत वर मात्र जागा मोकळी ठेवलेली.

“फादर, तुमची सही वर असली म्हणजे अर्जाला वजन येईल,” सर म्हणाले.

मी दोन दिवसांची मुदत मागितली. त्यांना आश्चर्य वाटले. थोडे वाईटही वाटले असावे. एका सहीसाठी धर्मगुरूला दोन दिवस कशाला हवेत? ते मला त्या क्षणी सांगता आले नाही. अशाच एका कागदावर मी पूर्वी एकदा सही केली होती आणि त्या सहीचा हिशेब अजूनही माझ्या मनात लागलेला नाही. त्या दोन दिवसांत जे विचार आले आणि पुढे जे घडले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

ते साल २००२. मी नुकती तिशी ओलांडलेली. कुकडीच्या खोऱ्यातील एका लहानशा केंद्रावर माझी नेमणूक झाली होती. चाळीस मुलांचे वसतिगृह, एक कौलारू प्रार्थनालय आणि सभोवती दृष्टी पोहोचेल तेथवर ऊस. मी वसईच्या वाडीत वाढलेला. लहानपणी रात्रीचे भय वाटे ते विहिरीचे आणि सापाचे. वाघ आम्ही पाहिला तो सर्कशीत. जुन्नर तालुक्यात मात्र त्या दोन-तीन वर्षांत वर्तमानपत्र उघडावे तर बिबट्या, बाजारात जावे तर बिबट्या, मिस्सा संपल्यावर अंगणात लोक घोळक्याने बोलत तेही बिबट्याविषयीच. आमच्या मुलांचे शौचालय झोपण्याच्या खोलीपासून चाळीस-पन्नास पावलांवर होते. एके सकाळी त्या वाटेवरच्या ओल्या मातीत पंजाचे ठसे दिसले. मी ते माझ्या पंज्याने मोजून पाहिले आणि त्याच दिवशी केंद्राच्या छापील कागदावर अर्ज लिहिला. सही केली, शिक्का मारला.

पिंजरा आला. मागच्या खणात शेळी बांधली गेली. चौथ्या रात्री दार पडल्याचा आवाज झाला. पहाटे पाहतो तो आत एक मोठा नर. गजांवर धडका देऊन त्याच्या कपाळाचे कातडे सोलवटले होते आणि एक सुळा तुटला होता. पाच-सहाशे माणसे जमली. कोणी खडे मारीत होते, कोणी काठीने डिवचीत होते. मी त्यांना आवरले खरे, पण माझ्याही मनात सुटकेचा आनंदच होता. येत्या रविवारी मिस्सात आभाराची प्रार्थना झाली. पिंजरा वाहनावर चढवताना तेथील कर्मचाऱ्याला मी सहज विचारले, “याला आता नेणार कुठे?”

“लांब, फादर. घाटाकडं सोडतील कुठंतरी.”

‘कुठंतरी’ या शब्दावर माझे समाधान झाले, आणि आज मला बोचतो तो हाच शब्द.

तीन महिन्यांच्या आत त्याच उसात दोन नवे बिबटे फिरू लागले. ठसे लहान होते, म्हणजे जनावरे तरुण. जुन्याने वसतिगृहाच्या आवारातून कधी काही नेले नव्हते. नव्यांनी कोंबड्या नेल्या, डुकराची दोन पिले नेली आणि भरदिवसा स्वयंपाकघराच्या मागे येऊन ते उभे राहू लागले. पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि मी हा विषय विसरलो.

विसरलो असे म्हणण्यापेक्षा, विसरणे सोपे होते असे म्हणावे. २०११ साली ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या शास्त्रीय नियतकालिकात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तो माझ्या हाती बऱ्याच उशिराने पडला. विषय नेमका तोच : जुन्नर परिसरातील बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपक्रम. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. बिबटे मोठ्या प्रमाणावर हलविण्यास आरंभ झाल्यावर हल्ल्यांत सव्वातीनशे टक्क्यांनी वाढ झाली. म्हणजे चाराचे सतरा झाले. त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण पूर्वी शेकडा १८ होते, ते ३६ वर गेले. हल्ले घडले ते बिबटे जेथे नेऊन सोडले त्या ठिकाणांच्या आसपास.

अभ्यासकांनी यामागील कारणे मांडली आहेत आणि ती समजावयास कठीण नाहीत. जुना बिबट्या आपला मुलूख ओळखून असतो. कोणत्या वस्तीवर किती वाजता दिवे मालवतात, कुत्री कोठे बसतात, माणसाला टाळून कोणत्या ओढ्याने जायचे, हे त्याला पाठ असते. त्याला पकडून, गर्दीत छळून, अपरिचित रानात सोडले म्हणजे तो घाबरलेला, जखमी आणि वाट चुकलेला असतो. तो परतीची वाट शोधू लागतो आणि त्या वाटेवर सर्वत्र माणसे असतात. इकडे त्याची रिकामी जागा तरुण बिबटे घेतात. त्यांना या गावाचा सराव नसतो. त्या काळी सर्वांनाच हा उपाय योग्य वाटत होता. कोणाला दोष द्यावा असे त्यात नाही.

कोणाला म्हणजे, इतर कोणाला. माझे काय?

पुण्यात नीतिशास्त्र शिकताना आमच्या प्राध्यापकांनी अज्ञानाचे प्रकार शिकविले होते. जे अज्ञान माणसाला प्रयत्न करूनही दूर करता येत नाही, त्यातून घडलेल्या कृत्याचा दोष त्याला लागत नाही. परीक्षेत हे उत्तर मी चांगले लिहिले होते. पण संत थॉमस अक्वायनस आणखी एका प्रकाराकडे लक्ष वेधतात. कळले तर आड येईल म्हणून माणूस जे कळून घेण्याचे टाळतो, ते जाणूनबुजून पोसलेले अज्ञान. त्याने दोष हलका होत नाही. मला उत्तर ठाऊक नव्हते हे खरे. परंतु ‘कुठंतरी’ म्हणजे कोणाच्या गावी, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. वाहनाचे दार लागले नव्हते. विचारता आला असता. माझी चाळीस मुले त्या रात्री निर्धास्त झोपली. घाटाकडच्या एखाद्या पाड्यावर त्यानंतर काय झाले, ते मला माहीत नाही. काहीच झाले नसेलही. मला ते आता कधीही कळणार नाही.

वसईच्या वाचकांना या संदर्भात एक गोष्ट ठाऊक असावी. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली एक प्रौढ नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून माळशेज घाटाच्या परिसरात सोडण्यात आले. अभ्यासकांनी त्याला प्रेमाने ‘आजोबा’ हे नाव दिले. हा आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालत गेला. मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याकडील लोहमार्ग आणि वसईचा कारखान्यांचा पट्टा ओलांडून, खाडी पोहून तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ साली मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. तो आमच्याकडून गेला तेव्हा माझे भाऊबंद घरात झोपले होते. तो येऊन गेला हे कळले असते तर त्यांनीही दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला असता, आणि पहिली सही बहुधा तेथील फादरांची असती.

प्रवरेच्या खोऱ्यात मी आलो त्याला आता पाच वर्षे झाली. दगडी जोत्याचे जुने घर, पुढे पडवी, मागे परसात चिंच. पहिल्या महिन्यात एका रात्री करवतीने जाड ओंडका कापावा तसा आवाज परसामागून आला. चार-पाच ओढी, मग शांतता, मग जरा दुरून पुन्हा तेच. सकाळी शेजारच्या वस्तीवरील ठाकर समाजाच्या आजीला विचारले. “वाघ बोलला व्हय,” ती म्हणाली आणि भाकरी थापीत राहिली. इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

या आजीने मला येथे राहावयास शिकविले. अंधार पडल्यावर अंगणात वाकून काम करायचे नाही. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. रात्री निघायचे तर बोलत, काठी आपटत निघायचे. पोर एकटे सोडायचे नाही. उष्टे-खरकटे दारात टाकायचे नाही. वाघ दिसला तर पळायचे नाही, पाठ दाखवायची नाही, त्याला जावयास वाट ठेवायची. सेमिनरीतील कोणत्याही ग्रंथात नसलेले हे शिक्षण मी साठीकडे झुकलेल्या वयात घेतले. पुढे कळले की याच अकोले तालुक्यातील ज्या भागात राखीव जंगल नाही, नुसती शेते आणि वस्त्या आहेत, तेथे झालेल्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसे आढळली. माणसे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मी पडवीत दैनंदिन प्रार्थना म्हणत बसतो तेव्हा माझ्या हाकेच्या टप्प्यात कोणी तरी बसलेला असणे ही नेहमीचीच गोष्ट आहे.

यशया संदेष्ट्याने रंगविलेले शांतीचे राज्य आपणा सर्वांना प्रिय आहे. हिंस्र श्वापद आणि कोवळे करडू एकत्र बसले आहेत, हे चित्र नाताळाच्या आगमनकाळात आपण ऐकतो. त्या चित्रामुळे आपल्या मनात एक समजूत न बोलता घर करते : श्वापदाचे हिंस्रपण हा सृष्टीला लागलेला डाग आहे, आदामाच्या पापाचा परिणाम आहे, आणि म्हणून बिबट्या हा एक प्रकारे अपराधीच आहे. संत थॉमस हे मान्य करीत नाहीत. ‘सुम्मा’च्या पहिल्या भागातील ९६ व्या प्रश्नात ते स्पष्ट लिहितात की माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदललेला नाही, आज जे प्राणी मांस खातात ते तेव्हा गवत खात होते असे मानणे अविचाराचे आहे. तेराव्या शतकातील हा मठवासी साधू इतके रोखठोक लिहून जातो याचे मला अजून नवल वाटते. बिबट्या शेळी नेतो तेव्हा तो चोरी करीत नाही. तो आपला स्वभाव जगतो, आणि तो स्वभावही निर्मात्यानेच दिलेला आहे.

एवढे म्हणून थांबता आले असते तर प्रवचन छान झाले असते. पण शेळी कोणाची होती?

उत्तम मेंढपाळाचा दाखला देताना प्रभू येशू मोलकऱ्याचाही उल्लेख करतो. लांडगा येताना दिसला की मोलकरी पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. मी हा उतारा शेकडो वेळा वाचला आहे, आणि दर वेळी मोलकरी म्हणजे भित्रा, स्वार्थी धर्मगुरू असाच अर्थ सांगितला आहे. आता त्यात मला आणखी एक माणूस दिसतो. ज्याची मेंढरे नाहीत त्याला लांडग्यावर प्रेम करणेही फार सोपे जाते. शहरातील दिवाणखान्यात बसून बिबट्याच्या सौंदर्यावर बोलणाऱ्याचे काय जाते? किंवा पडवीत बसून संत थॉमस वाचणाऱ्या माझे तरी काय जाते? माझ्या घराला दगडी भिंती आहेत. आजीच्या गोठ्याला कारवीचा कूड आहे, तोही एका बाजूने झुकलेला. तिच्या पाच शेळ्या होत्या. गेल्या श्रावणात त्यांपैकी दोन गेल्या. पंचनामा झाला, भरपाई यथावकाश मिळाली. पण दोन्ही शेळ्या गाभण होत्या, आणि पोटातली करडे पंचनाम्यात धरीत नाहीत.

शेळ्यांवरच हे थांबत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात वीस-पंचवीस दिवसांत तीन माणसांचा बळी गेला; त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. त्या बिबट्यास अखेर गोळी घालण्यात आली. ती घालावयास नको होती असे मी म्हणणार नाही. ज्याने माणसे मारण्यास आरंभ केला आहे त्याला थांबविणे हे ज्यांच्यावर लोकांच्या रक्षणाचा भार आहे त्यांचे कर्तव्यच आहे. माणसाच्या जिवाचे मोल वेगळे आहे, आणि तसे म्हणताना संकोचण्याचे कारण नाही. परंतु सरांच्या अर्जातील बिबट्याने कोणाला ओरखडाही काढला नव्हता. तो केवळ दिसला होता, सरांच्या कुंपणाच्या भिंतीवर, रात्री दहाच्या सुमारास.

दुसऱ्या दिवशी मी आजीकडे गेलो. अर्जावरील चार अंगठ्यांपैकी एक तिचा होता.

“तुम्हांला वाघ न्यायला हवा आहे का, आजी?”

“मला कशाला हवा न्यायला? सर म्हनले लाव, म्हून लावला. सर भला मानूस हाय.”

“आणि शेळ्या?”

“वाघ काय आज आला का, फादर? माझ्या आज्याच्या टायमालाबी हुता. पर तवा कूड नीट हुता. रातच्याला दोन मानसं गोठ्यात निजायची. आता पोरगं-सून नारायणगावला कामाला. मी येकटी कुठवर जागू?”

सरांचा युक्तिवाद, माझे ग्रंथ आणि शहरी निसर्गप्रेम या तिन्हींतून निसटलेली गोष्ट तिने सांगितली. या डोंगरातील माणसे वाघाबरोबर राहिली ती भाबडेपणाने नव्हे. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दिवशी, या भागात वाघबारस करतात. गुराखी एकत्र येऊन वाघोबाला नैवेद्य दाखवितात आणि गुरांना सांभाळ म्हणून विनवितात. धर्मगुरू म्हणून मी त्या पूजेत भाग घेत नाही, परंतु तिची थट्टाही करू शकत नाही. कारण त्या एका दिवसाच्या मागे वर्षभराची मेहनत असे : कूड बांधणे, रात्री जागणे, गुरे मोजून आत घेणे. ती मेहनत करणारे हात आज पोटासाठी दूर गेले. देव्हारा राहिला, गोठा पडला.

याच संदर्भात मला असिसीकर संत फ्रान्सिस आणि गुब्बियोचा लांडगा आठवला. आपल्या मुलांना ही गोष्ट पाठ असते. संताने क्रुसाची खूण केली आणि लांडगा कोकरासारखा पायाशी बसला, येथे आपण थांबतो. गोष्ट मात्र तेथे संपत नाही. फ्रान्सिस लांडग्याला घेऊन नगरात जातो आणि लोकांसमक्ष करार करतो. लांडग्याने माणसांना व जनावरांना त्रास द्यायचा नाही. आणि नगरवासीयांनी, तो जगेल तोवर, त्याला रोज खाऊ घालायचे. का? तर हा दुष्ट नव्हता, भुकेला होता. दोन वर्षे लांडगा दारोदार फिरून जेवला आणि वार्धक्याने मेला, असे ती कथा सांगते. या कथेत चमत्कार थोडा आहे आणि खर्च पुष्कळ आहे. त्या खर्चात सारे नगर सहभागी होते. नगराच्या वेशीवर राहणाऱ्या एखाद्या विधवेवर तो सोडून दिलेला नाही.

आता, बिबट्याला कोणी जेवण घालावे असे मी सुचवीत आहे असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. तसे केल्यास अनर्थ ओढवेल. खरी अडचण अशी की त्याला आपण आधीच जेवण घालीत आहोत. याच खोऱ्यात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या आहारात वजनाने शेकडा ३९ वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा अवघा ११, आणि तोही या भागात कुत्र्यांच्या सातपट शेळ्या असताना. कुत्री कोठून येतात? खरकट्याच्या ढिगातून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेलो. सुरेख घर आहे. दारात पवित्र मारियेची ग्रोटो, तिच्याभोवती मोगरा. चारही कोपऱ्यांना रात्रभर जळणारे प्रखर दिवे. राखणीला म्हणून पाळलेली चार कुत्री, रात्री साखळीने ओसरीच्या बाहेर बांधलेली. कुंपणाच्या पलीकडे, उतारावर, स्वयंपाकघरातला सारा कचरा. कोंबडीची हाडे, माशांची डोकी. त्यावर गावातली सहा-सात भटकी कुत्री निवांत पडलेली. मी आजीच्या शिकवणीत पाच वर्षे काढली नसती तर यातले काही माझ्या नजरेस आले नसते, हेही येथे नमूद करतो.

मी सरांना म्हणालो, “सर, बिबट्या तुमच्या घरी आलेला नाही. तुम्ही त्याचे पान मांडले आहे, तेथे तो आला आहे.”

हे वाक्य मी बोलावयास नको होते. सरांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, “फादर, माझा नातू सहा वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत येतो. अंगणभर धावतो. तुम्हांला मूल नाही.”

यावर मी काय बोलणार? २००२ साली मला चाळीस मुले होती आणि मी तत्काळ सही केली होती. भीतीमध्ये लाज वाटावी असे काही नसते. ज्याला लहान मुलाची भीती वाटत नाही त्याच्या हाती मूल देऊ नये. प्रश्न एवढाच की माझ्या अंगणातली भीती उचलून दुसऱ्याच्या अंगणात ठेवण्याचा मला अधिकार आहे का, आणि तो दुसरा कोण हे न विचारता. मी सरांना माझ्या जुन्या सहीची सारी हकीकत सांगितली. तुटलेला सुळा, नवे दोन बिबटे, ‘कुठंतरी’, सर्व. त्यांनी शांतपणे ऐकले. मग अर्ज माझ्या हातून घेतला, घडी केली आणि म्हणाले, “ठीक आहे. तुमच्या सहीवाचून देतो.”

आणि त्यांनी तो दिला. पिंजरा आला, तीन आठवडे त्यांच्या कुंपणाबाहेर आंब्याखाली उभा राहिला. त्यात एक भटके कुत्रे तेवढे सापडले. नंतर पिंजरा दुसऱ्या गावी गेला.

आजीच्या गोठ्याचे काम आम्ही दिवाळीपूर्वी पूर्ण केले. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने जाळी आणि पत्र्याचे दार दिले, धर्मग्रामातील तरुणांनी दगडी भिंत कमरेइतकी उचलली. काम चालू असताना सरांच्या पत्नी एक पाकीट देऊन गेल्या. कोणी दिले ते विचारू नका म्हणाल्या. सरांनी दोन कुत्री वाटून टाकली, उरलेली दोन रात्री आत घेतात. कचऱ्याचा खड्डा झाकला. ते मिस्साला नियमित येतात. पूर्वी पुढच्या बाकावर बसत, हल्ली मागे बसतात, आणि शांतिचिन्ह देताना माझ्याकडे पाहत नाहीत.

बिबट्या आहे. नव्या गोठ्याभोवती दोनदा फेरी मारून गेल्याचे ठसे आजीने मला दाखविले.

सरांचा नातू ठरल्याप्रमाणे दिवाळीत आला आणि बारा दिवस राहिला. त्या बारा दिवसांत मला नीट झोप लागली नाही. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास घंटेची प्रार्थना झाली की मी विजेरी व काठी घेऊन कोसभर चढ चढत असे. घरात जात नसे. कुंपणापाशी उभा राहून मूल आत आहे का, दार लागले का, एवढे पाहून मोठ्याने बोलत खाली उतरत असे. नवव्या दिवशी सरांनी आतूनच खिडकी उघडली आणि हाक मारली, “आत आहे हो, फादर.”

येत्या उन्हाळ्यात तो पुन्हा येणार आहे. महिनाभर.